अंगणात आलेला कारखाना

मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंतचा काळ हा आपल्याकडे लोखंडकामाचा हंगाम. गोठ्यावर पत्रे चढवायचे असतात, गच्चीवर शेड घालायची असते, उसाच्या ट्रॉलीची दांडी हंगामभर ओझे वाहून मोडलेली असते, कुणाला विहिरीवर जाळी बसवायची असते. अशा कामांसाठी फॅब्रिकेशनवाले आपले वेल्डिंग मशीन टेम्पोत घालून थेट जागेवर येतात. जिथे वीज नाही, किंवा आहे पण घरगुती जोडणीला हा भार पेलणार नाही, तिथे इंजिनावर चालणारे मशीन आणले जाते. लोखंडी चौकटीत बसवलेले डिझेलचे किंवा पेट्रोलचे इंजिन, त्याला जोडलेले जनित्र आणि त्यातून निघणाऱ्या दोन जाड केबली. एक केबल रॉड धरणाऱ्या होल्डरकडे जाते आणि दुसरी जोडायच्या लोखंडाला क्लॅम्पने अडकवलेली असते. मांडणी एवढीच.

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात या मशीनचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. कारखान्यात वेल्डिंगसाठी ठरलेली जागा असते, आडोसा असतो, धूर ओढून घेणारा पंखा असतो आणि निदान कागदावर तरी सुरक्षेची जबाबदारी कुणाची तरी असते. तेच मशीन चाकांवर चढून आपल्या दारी आले की त्याच्यासोबत यांपैकी काहीही येत नाही. येतात ते मिस्त्री, त्यांचा विशी-बाविशीतला हेल्पर आणि भोवती जमलेली घरातली व शेजारची मुले. त्या एका दिवसापुरते आपले अंगण हा कारखाना असतो आणि घरमालक त्याचा व्यवस्थापक. इंजिन कुठे ठेवायचे हे बहुधा मिस्त्री ठरवतच नाहीत. “इथे नको, फरशी खराब होईल”, “आभाळ आलंय, पडवीत घ्या”, असे घरातलेच कोणीतरी सांगते आणि त्या एका वाक्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

वेल्डिंग म्हटले की आपण भितो तो उजेडाला. ते योग्यच आहे, त्याविषयी पुढे लिहितो. परंतु या विशिष्ट यंत्रात तीन वेगवेगळी यंत्रे एकत्र नांदत असतात: धूर सोडणारे इंजिन, वीज निर्माण करणारे जनित्र आणि लोखंड वितळवणारी ज्योत. यांतील डोळ्यांना दिपवणारी ज्योत सर्वांत क्वचित जीव घेते. सर्वांत सहज जीव घेऊ शकणारी गोष्ट इंजिनाच्या सायलेन्सरमधून निघते. तिला रंग नाही, वास नाही, चव नाही. ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

इंजिनात इंधन पूर्णपणे जळत नाही. त्या अर्धवट ज्वलनातून हा वायू तयार होतो. पेट्रोलच्या इंजिनात तो अधिक आणि डिझेलच्या इंजिनात त्या मानाने कमी असतो. मात्र ‘कमी’ याचा अर्थ बंद जागेत चालेल असा मुळीच नाही. श्वासातून तो रक्तात गेला की हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० ते २५० पट अधिक घट्टपणे चिकटतो. त्यामुळे रक्त फिरत राहते, हृदय धडधडत राहते, परंतु मेंदूला आणि हृदयाच्या स्नायूंना प्राणवायू मिळेनासा होतो. हवेच्या हजार भागांत याचा एक भाग असला, तरी तेवढ्याने काही तासांत जीवावर बेतू शकते. आणि पत्र्याच्या बंद गोदामात चालू ठेवलेले इंजिन हे प्रमाण बघता बघता गाठते.

म्हणून पहिला नियम: इंजिन उघड्यावरच असावे. पडवीत, वाहनतळाच्या तळघरात, अर्ध्या बांधलेल्या खोलीत, चारही बाजूंनी ताडपत्री लावलेल्या मांडवात ते ठेवू नये. घराच्या दारा-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर, सायलेन्सरचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला आणि वारा घराकडे वाहत असेल तर जागा बदलून. खिडकी उघडी ठेवली किंवा टेबलफॅन लावला म्हणजे भागते, ही समजूत घातक आहे. त्या फॅनने हवा हलते, वायू बाहेर जाईलच असे नाही. काम आतल्या खोलीत असेल तर इंजिन आत नेण्याऐवजी केबल लांबवावी. लांब केबलीत विजेचा दाब घटतो आणि बारीक केबल तापते, त्यामुळे अंतर वाढले की केबल जाड हवी आणि मध्ये ओबडधोबड जोड नकोत. मिस्त्रींकडे तेवढी केबल नसेल तर ती भाड्याने मिळते. पाऊस आलाच तर इंजिन बंद करावे आणि थांबावे. एक दुपार वाया गेली तर गेली.

या विषबाधेची लक्षणे फसवी असतात. डोके ठणकते, गरगरते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. मे महिन्यात कुणालाही ते ऊन लागल्यासारखे किंवा पित्त झाल्यासारखे वाटेल. डॉक्टरलाही चकवा बसू शकतो. संशय घ्यायची खूण अशी की एकाच वेळी एकाच जागी असलेल्या दोघा-तिघांचे डोके दुखू लागते आणि उघड्यावर आल्यावर ते उतरते. करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. लोक तो लावतात, ९८ आकडा बघतात आणि निश्चिंत होतात. इथे त्या आकड्यावर विसंबू नये. प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन यांतला फरक या साध्या उपकरणाला कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही ते उत्तम आकडा दाखवू शकते.

अशा वेळी सर्वांना उघड्यावर आणावे, इंजिन बंद करावे आणि रुग्णालयात जाऊन ‘बंद जागेत इंजिन चालू होते’ हे वाक्य आवर्जून सांगावे, कारण नेहमीच्या तपासण्यांत हे निदान आपोआप सापडत नाही. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातला हा वायू निम्मा व्हायला सुमारे ४ ते ६ तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम साधारण एक ते दीड तासात होते. गरोदर स्त्री असेल तर तिला बरे वाटत असले तरी न्यावे. पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू अधिक साचतो आणि तिथून उशिरा बाहेर पडतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांना थोड्या प्रमाणानेही छातीत कळ येऊ शकते. काही रुग्णांत विसराळूपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे अशी लक्षणे काही आठवड्यांनंतर उमटतात. म्हणून शुद्धीवर आला, घरी आला, विषय संपला असे मानू नये.

विहिरीचे वेगळे सांगायला हवे. लोखंडी शिडी, मोटारीचा सांगाडा, पाइपचा जोड अशा कामांसाठी माणूस विहिरीत उतरतो आणि केबल आखूड पडते म्हणून इंजिनही निम्म्यावर, एखाद्या टप्प्यावर उतरवले जाते. पाणी उपसायच्या इंजिनांनी विहिरीत अशीच माणसे मारली आहेत आणि ती बातमी आपण सर्वांनी कधी ना कधी वाचली आहे. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावामागून बाप उतरतो. बेशुद्ध पडणाऱ्याचा आवाज येत नाही, त्यामुळे वरच्यांना तो घसरून पडला असे वाटते. जुन्या माणसांची रीत होती, की कंदील खाली सोडून बघायचा, विझला तर उतरायचे नाही. ती रीत प्राणवायूच्या कमतरतेपुरती शहाणपणाची होती, परंतु कार्बन मोनॉक्साइडच्या जीवघेण्या प्रमाणातही कंदील छान तेवत राहतो. इंजिन विहिरीच्या काठावरसुद्धा नको, काठापासून दूर हवे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर तो ओढू शकतील अशी माणसे हवीत. तो गप्प झाला तर वरूनच ओढून काढायचे. दुसऱ्याने खाली उतरायचे नाही, तो सख्खा असला तरी. ते काम श्वसनयंत्र असलेल्या अग्निशमन दलाचे. पाण्याची टाकी, मैलाटाकी, मोठा हौद यांनाही हेच लागू.

आता इंजिन सुरू करण्याकडे वळू. नवी मशीन बटणावर किंवा दोरी ओढून सुरू होतात, पण हँडल मारून सुरू होणारी डिझेल इंजिने अजून भरपूर आहेत. हँडल उलटे फिरले तर मनगटाजवळचे हाड मोडते. एकेकाळी मोटारी हँडलने सुरू करत तेव्हा चालकांना हा अस्थिभंग इतका नित्याचा होता, की वैद्यकीय पुस्तकांत त्याला आजही ‘शोफर फ्रॅक्चर’, म्हणजे मोटारचालकाचा अस्थिभंग, असेच म्हणतात. मोटारींतून हँडल केव्हाच गेले, नाव मात्र टिकून आहे. हँडल धरताना अंगठा मुठीच्या पलीकडे न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे उलटा झटका आला तर हात सुटून येतो. इंजिन पकडते आहे असे कळताच हँडल निघायला हवे. झिजलेले, अडकून बसणारे हँडल ही मोडलेल्या मनगटाची पूर्वतयारी आहे.

खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातला गमछा, मफलर, ओढणी यांना इंजिनाजवळ मज्जाव हवा. पट्टा आणि पंखा यांच्यावरची जाळी ‘सारखी काढावी लागते’ म्हणून बहुधा काढूनच ठेवलेली असते. ती बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू देऊ नये. कपडे सुती आणि अंगभर असावेत. टेरिकॉटच्या कापडावर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते आणि ती जखम साध्या भाजण्यापेक्षा खोल जाते. पँटच्या दुमडलेल्या कडा आणि उघडे खिसे ठिणग्या झेलतात. खिशात प्लॅस्टिकचा लायटर असेल तर पुढचे सांगायला नको. पायांत चप्पल असलेला वेल्डर हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. बोटांच्या बेचक्यात अडकलेली वितळलेली लोखंडाची गोळी झटकन काढता येत नाही. चामड्याचा बूट हवा.

इंधन भरायचे ते इंजिन बंद करून आणि निवू देऊन. दुपारच्या चहाच्या वेळी ते आपोआप साधते, म्हणून चहा आधी आणि डिझेल नंतर. टाकी काठोकाठ भरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरच्या बिडीपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते आणि आग तिथून मागे धावत येते. तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले डिझेलही पेट घेऊ शकते. कॅन ठिणग्यांपासून लांब ठेवावा आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीच भरू नये. कुणीतरी ते पितेच, आणि बहुधा ते कुणीतरी लहान असते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडले तर उकळती वाफ थेट तोंडावर येते. भाजलेल्या जागेवर नळाचे साधे, वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काही लावू नये. आम्हाला ते खरवडून काढावे लागते आणि त्या वेदना रुग्णाच्याच वाट्याला येतात.

विजेबाबत एक शब्द घोटाळा करतो. कामाच्या लोखंडाला लावायच्या क्लॅम्पला मिस्त्री ‘अर्थिंग’ म्हणतात. ते नाव दिशाभूल करणारे आहे. तो क्लॅम्प म्हणजे वीज मशीनकडे परत जाण्याचा रस्ता. त्याने शॉकपासून संरक्षण मिळत नाही. तो जोडाच्या शक्य तितक्या जवळ, गंज आणि रंग खरवडलेल्या जागी घट्ट लावावा. तो दूर कुठेतरी गेटच्या बिजागरीला किंवा इमारतीच्या सळईला अडकवला तर वीज परतीची वाट शोधत भलत्याच मार्गाने जाते आणि त्या मार्गात माणसाचा हातही असू शकतो. ज्योत पेटलेली नसताना होल्डर आणि कामाचे लोखंड यांच्यामध्ये साधारण ७०-८० व्होल्टचा दाब असतो. घरातल्या २३० व्होल्टच्या मानाने तो फारसा नाही असे वाटून रॉड उघड्या हातांनी बदलले जातात. कोरड्या, राकट तळव्यांना कदाचित काही होणार नाही. परंतु घामाने निथळणारा माणूस लोखंडी कैचीवर मांडी घालून बसलेला असेल, तर कातडीचा विरोध पार घटलेला असतो आणि तेवढा दाबही हृदयाची लय बिघडवायला पुरतो. शिवाय उंचावर असताना साधा झटकाही हात सोडायला लावतो आणि मग माणूस मरतो तो पडून. हातमोजे कोरडे हवेत, एक जोड राखीव हवा, ओल्या जमिनीवर पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई हवी. केबल खांद्याला किंवा कमरेला गुंडाळून काम करू नये.

बऱ्याच मशीनना ग्राइंडर किंवा दिवा लावण्यासाठी २३० व्होल्टचा प्लगही असतो. हा दाब घरातल्या इतकाच घातक, म्हणून त्यावर गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर असलेला बोर्ड वापरावा आणि मशीनच्या चौकटीचे खरे अर्थिंग उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे करावे. वीज गेली आहे, मशीन आलेच आहे, तर त्या प्लगवरून घराच्या वायरिंगला जोडून पंखे फिरवावेत, ही युक्ती कुणी सुचवली तर ठाम नकार द्यावा. ती वीज उलट दिशेने वाहिन्यांत शिरते आणि दूर कुठल्यातरी खांबावर चढलेल्या वायरमनचा तिने बळी जाऊ शकतो.

काम सुरू होण्याआधी घरातल्या एका मोठ्या माणसाने मिस्त्रींना विचारून घ्यावे, ‘हे बंद कसे करायचे?’ डिझेल इंजिनाला इंधन तोडणारी दांडी असते, पेट्रोलच्या इंजिनाला स्विच. कुणाला विजेने धरले तर आधी इंजिन बंद, मगच त्या माणसाला हात. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. कांदा हुंगवू नये, तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असला तरी ईसीजी काढून घ्यावा. विजेच्या जखमेचे तोंड बाहेरून लहान दिसते, आतले नुकसान मोठे असू शकते.

जुना पिंप, डिझेलची टाकी किंवा बंद तोंडाचा पाइप वेल्डिंगला द्यायचा मोह अनेकांना होतो. ‘रिकामा आहे’ असे म्हणतात. खरे तर भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर, कारण आत इंधनाची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण उरलेले असते. पाण्याने एकदा विसळल्याने ते जात नाही. घरगुती पातळीवर या कामाला हात घालूच नये. पाण्यासाठी टाकी नवी घ्यावी.

आता उजेड. वेल्डिंगच्या ज्योतीतून तीव्र अतिनील किरण निघतात आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा होरपळतो. तेव्हा काहीच जाणवत नाही. चार ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे टोचू लागते, धारा लागतात, दिवा सहन होत नाही. आमच्याकडे दार वाजते ते दोन-अडीचला आणि वेल्डरइतक्याच वेळा रुग्ण असतो हेल्पर, किंवा कौतुकाने बघत बसलेला नातू. टाका मारताना मान वळवून, डोळे मिटून काम भागवायची सवय पुष्कळ मिस्त्रींना असते. दिवसभरातले असे शंभर टाके रात्री एकदम हिशेब मागतात. साधा गॉगल, एक्स-रेची फिल्म, रंगीत काच यांचा उपयोग नाही. रॉडच्या नेहमीच्या कामाला १० ते १२ क्रमांकाची वेल्डिंगची काच लागते, आणि ती चेहरा व मान झाकणाऱ्या ढालीत असावी, कारण उघडी कातडीही उन्हाने भाजावी तशी भाजते. रॉडवरचा मळ ठोकून काढताना आणि ग्राइंडर चालवताना वेगळा पारदर्शक चष्मा हवा. मुलांना ‘बघू नका’ म्हणणे व्यर्थ आहे. त्यांना घरात न्यावे आणि कामाच्या जागेला आडोसा करावा. चकचकीत नव्या पत्र्यावरूनही हे किरण परावर्तित होतात हे लक्षात असू द्यावे.

एवढे होऊनही डोळे आलेच, तर घाबरू नये. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पडदा पूर्ववत होतो. अंधारी खोली, मिटलेल्या पापण्यांवर गार पाण्याची स्वच्छ पट्टी, वेदनाशामक गोळी, आणि डॉक्टरांनी दिलेले मलम किंवा अश्रूंसारखे थेंब. बटाट्याच्या चकत्या मिटल्या पापण्यांवर ठेवून जो गारवा मिळतो तोच ओल्या पट्टीने मिळतो. पण डोळ्यांत मध, निरसे दूध, बाळंतिणीचे दूध, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नये. होरपळलेल्या पडद्यावर जंतूंना ते आमंत्रणच होय. त्याहून वाईट म्हणजे बधिर करणारे थेंब. काही वेल्डर औषधाच्या दुकानातून ती बाटली नेऊन पेटीतच ठेवतात. दोन थेंब टाकताच जादू झाल्यासारखी वेदना जाते, म्हणून ती प्रिय. तपासणीपुरते आम्हीही ते वापरतो. वारंवार टाकल्यास मात्र पडदा भरून यायचा थांबतो, व्रण होतो आणि दोन दिवसांच्या दुखण्याचे रूपांतर कायमच्या अधू दृष्टीत होऊ शकते. दोन दिवसांत आराम नसेल, एकाच डोळ्यात टोचत असेल किंवा धूसर दिसत असेल तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कदाचित आत लोखंडाचा कण आहे. तो रुमालाच्या टोकाने किंवा काडेपेटीतल्या काडीने काढू नये.

धुराची गोष्ट डोळ्यांइतकी नाट्यमय नाही. जीआय पाइप किंवा पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, जोडताना पांढरा दाट धूर निघतो. तो पुरेसा श्वासात गेला तर त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप, अंगदुखी, तोंडाला धातूची गोडसर चव. हिवताप समजून रक्त तपासले जाते, विडाल चाचणी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आपणहून जातो. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामाला लागलेल्यांना तो अधिक जोमाने येतो, कारण रोजच्या धुराने अंगवळणी पडलेली सहनशक्ती सुट्टीत ओसरते. मुलामा आधी घासून काढणे, वाऱ्याकडे पाठ न करता वारा एका कुशीवर घेऊन बसणे आणि एन-९५ दर्जाचा मुखवटा लावणे, यांनी धूर पुष्कळ टळतो. तोंडाला बांधलेला रुमाल एवढे बारीक कण अडवत नाही. आणि इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड मात्र एन-९५ सुद्धा अडवत नाही.

दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने धूर ‘धुऊन निघतो’ ही समजूत कामगारांत इतकी रुजली आहे की तिच्याविरुद्ध बोलताना माझा आवाज क्षीण वाटतो. दूध जठरात जाते, धूर फुप्फुसांत. दोन्ही वाटा गळ्यापाशीच वेगळ्या होतात. मिस्त्रींना दूध अवश्य द्यावे, पौष्टिक आहे, पण मुखवट्याऐवजी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेल इंजिनाचा धूर २०१२ मध्ये आणि वेल्डिंगचा धूर २०१७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे, आणि वेल्डिंग करता करता ओठांत बिडी धरणाऱ्याकडे हे तिन्ही जमतात. ब्रिटनमध्ये वेल्डरांना न्यूमोनियाची लस घेण्याची शिफारस आहे, कारण या धुराने फुप्फुसांची त्या जंतूंशी लढण्याची ताकद घटते. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी त्याविषयी बोलावे.

कानांचे थोडक्यात. तीन फुटांवरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज कानांना अपायकारक आहे असे समजावे. इंजिन आणि ग्राइंडर मिळून ती मर्यादा आरामात ओलांडतात. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही, कानांत बसणारे प्लग किंवा मफ हवेत. पेसमेकर बसवलेल्यांनी चालू मशीनच्या आणि केबलींच्या जवळ जाऊ नये.

संध्याकाळी मशीन टेम्पोत चढते, पैसे दिले जातात आणि सगळे घरात जातात. कडब्याच्या गंजीत, पोत्यांच्या थप्पीत, लाकडी चौकटीच्या फटीत शिरलेली ठिणगी अशा वेळी सावकाश धुमसत असते. काम संपल्यानंतर एक तास कुणीतरी तिथे बादलीभर पाणी आणि वाळू घेऊन रेंगाळावे. कडबा आणि गवत सकाळीच हलवलेले उत्तम.

आणि जे हे काम रोज करतात त्यांच्या घरच्यांसाठी: दवाखान्यात नाव, वय यांच्याबरोबर ‘वेल्डिंग करतो’ हेही सांगत चला. खोकला, ताप, डोकेदुखी, डोळ्यांची लाली, या प्रत्येकाचा अर्थ त्या दोन शब्दांनी बदलतो. एमआरआय सांगितला असेल तर तिथे हे नक्कीच सांगा. वर्षापूर्वी ग्राइंडरवरून उडून डोळ्यात शिरलेला आणि विसरला गेलेला लोखंडी कण त्या प्रचंड चुंबकात जागचा हलू शकतो. म्हणून आधी डोळ्यांचा एक साधा एक्स-रे काढतात. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.